यंत्राला भाषा शिकविणाऱ्या बाई

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. संगणक शिकविणारे आमचे सहकारी रजेवर असल्याने त्यांच्या तासाला मुलांवर लक्ष ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. मी कला शाखेचा पदवीधर, भाषेचा शिक्षक. यंत्राशी माझा परिचय बेताचाच. दहावीतील एका विद्यार्थ्याने स्वतःच्या हौसेने सी भाषेत लिहिलेला एक प्रोग्रॅम मला मोठ्या उत्साहाने दाखविला. वर्गातील मुलांच्या गुणांची बेरीज करून सरासरी काढणारा तो प्रोग्रॅम होता. उत्तर येण्यापूर्वी पडद्यावर एक ओळ उमटली. ती कसली, असे मी विचारले, तेव्हा तो केवळ इशारा आहे, चूक नव्हे, तिकडे दुर्लक्ष केले तरी चालते, असे त्याने मला समजावून दिले. उत्तरही बरोबर आले. मग त्याने तोच प्रोग्रॅम शेजारच्या संगणकावर चालवून दाखविला, आणि तेथे मात्र वर्गाची सरासरी लाखांच्या घरात गेली! बेरजेच्या खान्यात आरंभी शून्य ठेवावयास तो विसरला होता, आणि तो दुर्लक्षित इशारा नेमके तेच सांगत होता.

मुलगा ओशाळला, मला मात्र त्या इशाऱ्यात ओळखीचे काहीतरी दिसले. आपण गोमंतकीय मुले घरी कोकणी बोलतो आणि शाळेत मराठी लिहितो. कोकणीत लहान बहिणीविषयी बोलताना आपण नपुंसकलिंग वापरतो. तीच सवय मनात धरून एखादा विद्यार्थी निबंधात बहिणीविषयी ‘ते आले’ असे लिहून जातो. मराठी व्याकरणाच्या दृष्टीने ते वाक्य अशुद्ध नाही. पण त्याचा अर्थ भलताच होतो. अशा ठिकाणी मी फुली मारीत नाही, समासात एक प्रश्नचिन्ह काढतो. फुली म्हणजे चूक. प्रश्नचिन्ह म्हणजे इशारा : तू लिहिलेस ते वाचता येते, पण तुला हेच म्हणावयाचे होते काय? माणसाची भाषा यंत्राच्या भाषेत उतरविणारा जो दुभाषी संगणकात बसलेला असतो, तोही समासात अशीच प्रश्नचिन्हे काढीत असतो. त्याला कंपायलर किंवा संकलक म्हणतात. या दुभाष्याला जन्म देणाऱ्यांत जिचे नाव अग्रभागी घ्यावे लागते, ती व्यक्ती एक शिक्षिका होती. तिचे नाव ग्रेस हॉपर. तिचे चरित्र आज विद्यार्थिमित्रांपुढे ठेवावे, असा विचार आहे.

ग्रेस ब्रूस्टर मरे हिचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील वॉल्टर मरे हे विम्याच्या व्यवसायात होते. आईला गणिताची ओढ होती. तीन भावंडांत ग्रेस थोरली. सात वर्षांची असताना तिला गजराच्या घड्याळाच्या पोटात काय असते, हे पाहावेसे वाटले. तिने एक घड्याळ उघडले. ते पुन्हा जोडता येईना. म्हणून ते कसे होते हे पाहण्यासाठी दुसरे उघडले, मग तिसरे. असे करीत घरातील सात घड्याळे सुटी झाली, तेव्हा आईच्या लक्षात आले. आईने शिक्षा केली नाही. यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करावा, एवढे बंधन घातले. मुलीच्या जिज्ञासेला मर्यादा घालणारी, पण ती न विझविणारी अशी आई लाभणे हे केवढे भाग्य!

पुढे वडिलांचे दोन्ही पाय आजारामुळे कापावे लागले. तरी ते काम करीत राहिले, आणि मुलींनाही मुलाच्या बरोबरीने शिक्षण मिळाले पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला. सोळाव्या वर्षी ग्रेसने व्हॅसार कॉलेजच्या प्रवेशासाठी प्रयत्न केला, परंतु लॅटिन भाषेत ती अनुत्तीर्ण झाली. एक वर्ष थांबून तिने पुन्हा परीक्षा दिली व प्रवेश मिळविला. १९२८ मध्ये गणित व पदार्थविज्ञान हे विषय घेऊन ती पदवीधर झाली. १९३० मध्ये येल विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी आणि १९३४ मध्ये तेथीलच गणितातील डॉक्टरेट तिने संपादन केली. १९३० मध्येच व्हिन्सेंट फॉस्टर हॉपर यांच्याशी तिचा विवाह झाला. हा विवाह १९४५ मध्ये संपुष्टात आला, तरी हॉपर हे आडनाव त्यांनी अखेरपर्यंत ठेवले.

१९३१ पासून हॉपरबाई व्हॅसार येथेच गणित शिकवू लागल्या. गणिताच्या वर्गात त्या विद्यार्थिनींना निबंध लिहावयास लावीत आणि त्यांतील भाषेचे दोष दाखवीत. आम्ही गणित शिकावयास आलो आहोत, भाषा शिकावयास नव्हे, अशी तक्रार मुली करीत. परंतु जे दुसऱ्याला स्पष्ट शब्दांत सांगता येत नाही, ते गणित शिकून उपयोग नाही, असे बाईंचे मत होते. त्यांच्या पुढील कार्याचे बीज याच मतात आहे.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला व अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. हॉपरबाईंचे पणजोबा नौदलात ॲडमिरल होते. त्यांच्याप्रमाणे आपणही नौदलात जावे, असे त्यांच्या मनाने घेतले. अडचणी अनेक होत्या. वय अधिक भरत होते. वजन नियमापेक्षा सुमारे १५ पौंड कमी होते. शिवाय गणिताच्या प्राध्यापकांची गरज शिकविण्याच्या कामीच अधिक आहे, असे सरकार मानीत होते. त्यांनी विशेष परवानगी मिळविली, कॉलेजातून रजा घेतली आणि डिसेंबर १९४३ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, नौदलाच्या राखीव दलात नाव नोंदविले. स्वतःच्या विद्यार्थिनींच्या वयाच्या मुलींबरोबर कवायत करून १९४४ च्या जून महिन्यात त्या प्रशिक्षणवर्गात पहिल्या आल्या.

त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली झाली. तेथे मार्क वन नावाचे गणनयंत्र होते : ५१ फूट लांब, ८ फूट उंच, वजन सुमारे ५ टन. ते एका सेकंदात ३ बेरजा करी. आज हा वेग ऐकून हसू येईल, पण त्या काळी ते एक आश्चर्य होते. एकेन यांनी त्यांना पहिल्याच भेटीत एका गणिती मालिकेची गुणके काढण्याचे काम दिले आणि त्यासाठी जेमतेम आठवड्याची मुदत ठेवली. यंत्राला द्यावयाच्या आज्ञा कागदाच्या फितीवर छिद्रे पाडून लिहाव्या लागत. एक छिद्र चुकले की उत्तर चुकले. आणि ते उत्तर नौदलाच्या प्रत्यक्ष युद्धकार्यासाठी हवे असे. चुकीची किंमत कोणाला मोजावी लागेल, याची जाणीव ठेवूनच तेथे काम करावे लागे. या यंत्राची ५०० हून अधिक पृष्ठांची माहितीपुस्तिका बाईंनी लिहिली. ती १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली.

याच प्रयोगशाळेतील एक कथा जगप्रसिद्ध आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क टू हे यंत्र अडखळू लागले. शोध घेता एका विद्युत्-खटक्यात एक पतंग अडकून मेलेला आढळला. तो पतंग नोंदवहीत चिकटवून, प्रत्यक्ष कीटक सापडल्याची ही पहिलीच वेळ, अशा अर्थाची नोंद करण्यात आली. प्रोग्रॅममधील चुकीला बग, म्हणजे कीटक, हे नाव हॉपरबाईंनी दिले असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. ते बरोबर नाही. यंत्रातील दोषाला कीटक म्हणण्याची रीत एडिसनच्या काळापासून होती, आणि म्हणूनच त्या नोंदीत विनोद होता. पतंगही बाईंनी स्वतः पकडला नव्हता. मात्र ती हकीकत त्यांनी आयुष्यभर रंगवून सांगितली. नोंदवहीचे ते पान वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात जपून ठेवले आहे.

युद्ध संपल्यावर व्हॅसारने त्यांना प्राध्यापकपद देऊ केले. ते नाकारून त्या यंत्रांपाशीच राहिल्या आणि १९४९ मध्ये फिलाडेल्फिया येथील एकर्ट-मॉकली कंपनीत रुजू झाल्या. तेथे युनिव्हॅक नावाचा संगणक तयार होत होता. त्या कंपनीच्या आधीच्या एका यंत्रासाठी आठाच्या पटीतील अंकपद्धती वापरावी लागे. बाईंना तिची इतकी सवय जडली की बँकेच्या आपल्या खात्याचा हिशेबही त्या नकळत आठाच्या पटीत करू लागल्या. शिल्लक काही केल्या जुळेना. शेवटी बँकेत काम करणाऱ्या त्यांच्या भावाने ती चूक शोधून दिली. यावरून बाईंनी घेतलेला बोध मोलाचा आहे : माणसाने यंत्रासारखा विचार करण्यापेक्षा यंत्रानेच माणसाची भाषा समजून घेणे शहाणपणाचे.

त्यांनी आणखी एक निरीक्षण केले होते. एखादा सिद्ध झालेला छोटा हिशेब, समजा वर्गमूळ काढण्याची कृती, पुन्हा हवी असली की प्रोग्रॅम लिहिणारे ती एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत. उतरविताना दोन प्रकारच्या चुका होत. प्रत्येक नव्या ठिकाणी स्मृतिस्थानांचे क्रमांक बदलावे लागत, त्यासाठी बेरजा कराव्या लागत, आणि त्या बेरजा चुकत. शिवाय अक्षरे उतरवितानाही चुका होत. विद्वान माणसे बेरीज आणि नक्कल या दोन्ही कामांत कच्ची आहेत. संगणक मात्र या दोन्ही कामांत पक्का आहे. मग हे काम संगणकालाच का सांगू नये?

या साध्या प्रश्नातून १९५१-५२ मध्ये ए-झीरो ही प्रणाली जन्मास आली. तयार तुकडे चुंबकीय फितीवर साठविलेले असत, आणि प्रत्येकाला एक खूणक्रमांक दिलेला असे. माणसाने ते क्रमांक हव्या त्या क्रमाने लिहावयाचे. यंत्राने ते तुकडे शोधून, स्थानांचे क्रमांक बदलून, एका सूत्रात ओवावयाचे. तुकडे गोळा करून ग्रंथ सिद्ध करावा तसे हे काम असल्याने बाईंनी त्याला कंपायलर हे नाव दिले. आपला संकलक हा शब्द म्हणूनच अगदी चपखल आहे.

यात एक अडचण होती. प्रोग्रॅममध्ये पुढच्या एखाद्या तुकड्याकडे उडी घ्यावी लागे, पण तो तुकडा अद्याप जोडलेलाच नसे. मग उडी कोठे घ्यावी? बाईंना कॉलेजातील बास्केटबॉल आठवला. त्या काळच्या मुलींच्या नियमानुसार चेंडू घेऊन फार पुढे जाता येत नसे. म्हणून तो मध्येच एका सहखेळाडूकडे टाकावयाचा, स्वतः पुढे धावावयाचे आणि योग्य जागी पोचल्यावर तो परत घ्यावयाचा. बाईंनी स्मृतीच्या टोकाला एक कोपरा राखून ठेवला. पुढची उडी आधी त्या कोपऱ्यात टाकावयाची. तो पुढचा तुकडा जोडला गेला की कोपऱ्यातून त्याच्याकडे दुसरी उडी जोडून द्यावयाची. खेळाच्या मैदानावर शिकलेली गोष्ट अशी गणनयंत्रात कामास आली. खेळाचा तास वाया गेला असे मानणाऱ्या पालकांनी याची नोंद घ्यावी!

परंतु चालता संकलक हाती असूनही लोक त्यावर विश्वास ठेवीनात. संगणक फक्त अंकगणित करतो, तो प्रोग्रॅम लिहू शकत नाही, असे जाणते लोक त्यांना सांगत. बाई वाद घालीत बसल्या नाहीत, दाखवीत राहिल्या. पुढची पायरी म्हणून त्यांनी असे सुचविले की गणितज्ञांनी चिन्हांत लिहावे, पण व्यापारी हिशेब करणाऱ्यांना शब्दांत लिहू द्यावे. १९५५ च्या आरंभी त्यांनी वरिष्ठांपुढे एक छोटा प्रोग्रॅम इंग्रजी शब्दांत ठेवला. आणि शब्द बदलले तरी यंत्राला फरक पडत नाही, हे पटविण्यासाठी तोच फ्रेंच व जर्मन शब्दांतही मांडून दाखविला. परिणाम उलटाच झाला. अमेरिकेत बांधलेल्या यंत्राला फ्रेंच किंवा जर्मन समजते, ही कल्पनाच वरिष्ठांना असह्य झाली! अखेर केवळ इंग्रजीतच काम करू, असे आश्वासन देऊन बाईंना पुढे जावे लागले. यंत्राला कोणतीच भाषा परकी नसते आणि कोणतीच आपली नसते, हे सत्य दोन भाषांत वाढणाऱ्या आपल्यासारख्यांना चटकन पटावे.

या प्रयत्नातून फ्लोमॅटिक ही भाषा सिद्ध झाली. १९५९ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या संरक्षण खात्यात एक बैठक भरली व सर्व यंत्रांना चालेल अशी व्यापारी भाषा रचण्याचे ठरले. ती भाषा म्हणजे कोबॉल. ती एका समितीने रचली. बाई सल्लागार होत्या, आणि फ्लोमॅटिक हा तिचा प्रमुख आधार होता. १९६० च्या डिसेंबर महिन्यात एकच कोबॉल प्रोग्रॅम दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखविण्यात आला. यंत्र बदलले तरी भाषा तीच राहू शकते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

१९६६ च्या अखेरीस वयोमानामुळे नौदलाने त्यांना निवृत्त केले. परंतु वर्ष पुरे होण्याआधीच, ऑगस्ट १९६७ मध्ये, त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलाविण्यात आले. हे सहा महिने जवळजवळ एकोणीस वर्षे चालले! काम होते दुभाष्यांची परीक्षा घेण्याचे. कोबॉल एकच, पण निरनिराळ्या कंपन्यांचे संकलक तिचा निरनिराळा अर्थ लावीत. बाईंच्या मार्गदर्शनाखाली परीक्षक प्रोग्रॅम तयार झाले. ते चालविले की कोणता संकलक प्रमाण भाषेला धरून आहे आणि कोणता नाही, हे उघड होई. गुरूने शिष्याला शिकवावे आणि मग निष्ठुरपणे त्याची परीक्षाही घ्यावी, तसे हे होते.

विद्यार्थिमित्रहो, संकलक या संस्थेचा पुढे किती विस्तार झाला, हे येथेच थोडक्यात सांगतो. प्रत्येक संगणकात ऑपरेटिंग सिस्टीम असते, आणि तिच्या अंतर्यामी एक गाभा असतो. त्याला कर्नल म्हणतात. स्मृतीची वाटणी, कामांचा क्रम, सर्व उपकरणांचे नियंत्रण हे त्याच्याकडे असते. इतर प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा बंद पडतो. गाभा चुकला तर सारे यंत्र कोसळते. १९९१ मध्ये सुरू झालेल्या लिनक्सचा गाभा आज तीन कोटींहून अधिक ओळींचा आहे, आणि तो मुख्यतः सी भाषेत लिहिलेला आहे. एवढा ग्रंथ कोणीही एक माणूस तपासू शकत नाही. संकलक मात्र प्रत्येक ओळ वाचतो आणि संशय आला की इशारा देतो : या खान्यात काही ठेवण्यापूर्वीच तुम्ही ते वाचता आहात, ही ओळ कधीच अमलात येणार नाही, ऋण संख्येची तुलना तुम्ही कधीच ऋण न होणाऱ्या संख्येशी करता आहात. हे इशारे एकेक करून निस्तरणे हे अनेक जाणत्यांचे नित्याचे काम आहे. कारण शंभर इशारे तसेच पडू दिले, तर त्यांत मिसळलेला एकशे एकावा, खरा घातक इशारा कोणाला दिसणार? म्हणूनच २०२१ मध्ये लिनक्समध्ये इशाऱ्यालाच चूक मानून काम थांबविण्याची सोय करण्यात आली.

परंतु इशारा निस्तरणे म्हणजे इशारा गप्प करणे नव्हे. २००६ मध्ये डेबियन या प्रणालीतील गुप्तलेखनाच्या भागाविषयी तपासणीच्या एका साधनाने अशीच एक शंका काढली. ती मिटविण्यासाठी कोणीतरी ओळच काढून टाकली. शंका गेली, पण गुप्त किल्ल्या तयार करताना लागणारी यदृच्छाही तिच्याबरोबर गेली. कोणालाही ओळखता येऊ नयेत अशा किल्ल्या मोजक्या काही हजारांतच घडू लागल्या, आणि हे उघडकीस यावयास २००८ साल उजाडले. उलट २०१४ मध्ये ॲपलच्या प्रणालीत एक ओळ चुकून दोनदा लिहिली गेल्याचे आढळले. त्यामुळे सुरक्षिततेची पुढील तपासणी कधीच होत नव्हती. न पोचणाऱ्या अशा ओळीविषयी संकलक इशारा देऊ शकतो. मात्र तो मागावा लागतो. एका ठिकाणी इशाऱ्याचा अर्थ न समजता तो पुसला गेला, दुसऱ्या ठिकाणी तो ऐकलाच गेला नाही. हानी दोन्हीकडे झाली.

उत्तरायुष्यात हॉपरबाई गावोगावी व्याख्याने देत. सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीज किती अंतर जाऊ शकते, हे दाखविण्यासाठी त्या श्रोत्यांना सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे वाटीत. म्हणजे तुमच्या लांब पट्टीएवढे. सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाचे तारेचे वेटोळे यंत्राचा वेळ उधळणाऱ्यांच्या गळ्यात बांधावे, असा त्यांचा विनोद असे. त्यांच्या कचेरीत उलट दिशेने फिरणारे एक घड्याळ होते. नेहमी असेच चालत आले आहे, हे कारण त्यांना मान्य नसे. ते घड्याळ येणाऱ्याला तेवढेच सांगे. घड्याळे सुटी करणारी ती सात वर्षांची मुलगी म्हातारपणीही त्यांच्यात जागी होती.

१९८३ मध्ये त्यांना कमोडोर हे पद मिळाले. दोन वर्षांनी तेच पद रिअर ॲडमिरल या नावाने ओळखले जाऊ लागले. १४ ऑगस्ट १९८६ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, बोस्टन बंदरातील कॉन्स्टिट्यूशन या ऐतिहासिक युद्धनौकेवर त्यांचा निरोपसमारंभ झाला. त्यानंतरही त्या एका संगणक कंपनीच्या सल्लागार म्हणून काम करीत राहिल्या. १ जानेवारी १९९२ रोजी आर्लिंग्टन येथे त्यांचे देहावसान झाले, आणि तेथील राष्ट्रीय स्मशानभूमीत लष्करी इतमामाने त्यांना मूठमाती देण्यात आली. त्यांचे नाव दिलेली युद्धनौका १९९७ मध्ये नौदलात दाखल झाली. २०१६ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांना मरणोत्तर देण्यात आला, आणि २०१७ मध्ये येल विद्यापीठाने आपल्या एका महाविद्यालयाला त्यांचे नाव दिले.

नौका, पदके आणि इमारती ही मोठ्या माणसांची बाह्य स्मारके होत. हॉपरबाईंचे खरे स्मारक याहून साधे आहे. माणूस चुकतो, हे त्यांनी लाज न बाळगता मान्य केले आणि ती चूक पकडण्याचे काम यंत्राला नेमून दिले. आपण चुकू शकतो, हे ज्याला कबूल नाही, त्याला इशारा कितीही स्पष्ट दिला तरी ऐकू येत नाही.

तो दहावीतील विद्यार्थी दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटला. त्याने बेरजेच्या खान्यात शून्य ठेवले होते, आणि पडद्यावर आता एकही इशारा उमटत नव्हता. एवढ्यावर तो थांबला नव्हता. पहिल्या संगणकावर उत्तर बरोबर का आले, हा प्रश्न त्याला रात्रभर सुचू देत नव्हता. त्या खान्यात योगायोगाने शून्यच पडलेले असावे, हे त्याने स्वतः शोधून काढले होते. मी त्याचा निबंधही तपासून ठेवला होता. त्याच्या समासात माझी चार प्रश्नचिन्हे होती. या वेळी तो प्रत्येक प्रश्नचिन्हापाशी थांबला.